पासवर्ड झेरॉक्सवाल्याकडे

जून-जुलैत कोकणातल्या कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडाबाहेर जरा वेळ उभं राहावं. झेरॉक्सच्या दुकानात आणि महा-ई-सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. बारावी झालेली मुलंमुली, ओल्या छत्र्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दाखले. विद्यापीठाची पूर्वनोंदणी, कॉलेजचा प्रवेश अर्ज, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, परीक्षांचे श्रेयांक जमा होतात त्या क्रेडिट बँकेचा आयडी, सगळं दुकानदार भरतो. मुलाचा ईमेल तोच उघडून देतो, पासवर्ड तोच ठरवतो आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. ओटीपी तेवढा मुलाच्या फोनवर येतो, तो वाचून दाखवला की मुलाचं काम संपलं. पुढच्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली की पासवर्ड विचारायला पुन्हा त्याच दुकानात. या रांगेतल्या बहुतेकांच्या हातात स्मार्टफोन असतो आणि बसल्या बसल्या रील कापून त्याला गाणं लावण्याइतका त्यावर हात बसलेला असतो.

ही मुलं आळशी नाहीत आणि मठ्ठ तर मुळीच नाहीत. एखादा रकाना चुकला तर शिष्यवृत्ती जाईल, कदाचित वर्षही जाईल, ही भीती खरी आहे. शे-दोनशे रुपये देऊन ती दुसऱ्याच्या गळ्यात घालणं यात व्यवहारच आहे. पण विद्यापीठातले विद्यार्थी डिजिटल साधनांनी शिकायला तयार आहेत का, हा प्रश्न चर्चेला आला की आपण या रांगेकडे पाहत नाही. किती जणांकडे फोन आहे, किती जणांकडे नेट आहे, हे मोजतो आणि उत्तर मिळाल्याच्या समाधानात चहा घेतो. माझं म्हणणं असं, की शिकण्याची तयारी ही मुलं घरून फोनबरोबर घेऊन येत नाहीत. ती पदवीच्या पहिल्या वर्षात कॉलेजनं घडवायची असते. आणि हे काम कोकणातलं साधं तालुक्याचं कॉलेजही टॉवर उभा राहायची वाट न पाहता सुरू करू शकतं.

‘ही पिढी मोबाइल घेऊनच जन्मली आहे’ हे वाक्य स्टाफरूममध्ये, पालकसभेत, उद्घाटनाच्या भाषणात सारखं कानावर पडतं. ही कल्पना रूढ केली मार्क प्रेन्स्की या अमेरिकन लेखकानं २००१ साली. संगणकाच्या जगात वाढलेली मुलं त्या जगाची रहिवासीच असतात आणि आपण वयानं मोठी माणसं तिथे स्थलांतरित, असं त्याचं म्हणणं. ऐकायला गोड आणि शिक्षकाला मोकळं करणारं. मुलांना सगळं येतंच, तर शिकवायचं काय? नेदरलँड्समधल्या पॉल किर्श्नर या शिक्षणतज्ज्ञानं एका सहकाऱ्याबरोबर २०१७ साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा निव्वळ उशिरा जन्मल्यामुळे तंत्रज्ञानात आपोआप पारंगत झालेली पिढी त्यांना कुठे सापडली नाही.

आपल्याकडचे आकडेही तेच सांगतात. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालासाठी ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या जवळपास ३५ हजार मुलामुलींची पाहणी झाली. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात समाजमाध्यमं वापरणारेही ९० टक्क्यांच्या आसपास. त्याच आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही केलेले मात्र दोन तृतीयांशाच्या आसपास. ज्यांना फोन आणता आला त्यांना काही छोटी कामं दिली गेली. गूगल नकाशा उघडून अमक्या ठिकाणी पोहोचायला किती वेळ लागेल ते सांगा, हे त्यातलं एक. ते जमलं एक तृतीयांशाहून थोड्या जास्त मुलांना. ती मुलं आता पदवीच्या वर्गांत येऊन बसली आहेत.

याला कोकणातून एक हमखास उत्तर येतं: आमच्या मुलांचं सांगू नका, आमचा निकाल बघा. बघावाच. २०१२ साली रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी वेगळं कोकण विभागीय मंडळ झालं आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात कोकण राज्यात पहिला हे जवळजवळ गृहीतच धरलं जातं. २०२४ साली दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता, बारावीचा ९७.५१. यामागे नियमित हजेरी आहे, शिक्षकांची मेहनत आहे, कॉपीचं प्रमाण कमी आहे, घरचा धाक आहे. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण ती परीक्षा जे मागते ते आणि एकट्यानं पडद्यासमोर बसून शिकायला जे लागतं ते यांत फार अंतर आहे. बोर्डाच्या परीक्षेत धडा कोणता हे ठरलेलं, प्रश्न कसा येणार हे माहीत, उत्तर किती ओळींचं हेही सांगितलेलं. सांगितलं ते नीट करणारं मूल तिथे पुढे जातं. डिजिटल शिक्षणात सांगणाराच नसतो. पुस्तक कधी उघडायचं, कुठे थांबायचं, समोर आलेल्या दहा पानांतलं कुठलं खरं धरायचं, अडलं तर कुणाला आणि कसं विचारायचं, हे सगळं शिकणाऱ्यानंच ठरवायचं. कोकणच्या गुणी मुलाला याचीच सवय नसते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. बारा वर्षं आपण त्याला नेमकी उलट सवय लावली.

‘स्वयम्’चं उदाहरण घ्या. केंद्र सरकारनं २०१७ च्या जुलैत हे संकेतस्थळ सुरू केलं. आयआयटीतल्या, केंद्रीय विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं त्यावर फुकट आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा अभ्यासक्रमांतून मिळवता येतात. म्हणजे देवरूखच्या किंवा कुडाळच्या मुलाला आपल्या कॉलेजात नसलेला विषय शिकायची सोय कागदावर आहे. प्रत्यक्षात काय होतं? शिक्षक सांगतात म्हणून वर्गच्या वर्ग नोंदणी करतो. पहिल्या आठवड्यातले व्हिडिओ पाहिले जातात. दुसऱ्या आठवड्यात चाचणी येते, तिसऱ्या आठवड्यात गणपती येतात आणि मग पुन्हा तिकडे कुणी फिरकत नाही. नोंदणी अफाट आणि शेवटपर्यंत पोहोचणारे थोडे, ही अशा खुल्या अभ्यासक्रमांची जगभरची कथा आहे. त्यामुळे एकट्या कोकणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण शेवटपर्यंत पोहोचतात ते कोण, याचं उत्तर सगळीकडे सारखंच मिळतं. ज्यांना आधीपासून स्वतःच्या वेळापत्रकानं शिकायची सवय असते ते.

मी एका तालुक्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, म्हणून एक आतली गोष्ट सांगतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘एन-लिस्ट’ नावाची योजना आहे. कॉलेजनं वर्षाला अगदी किरकोळ वर्गणी भरली की ६,००० हून जास्त नियतकालिकं आणि लाखाहून जास्त पुस्तकं विद्यार्थ्याला आपल्या घरून, आपल्या फोनवर वाचता येतात. छापील नियतकालिकांची वर्गणी परवडत नाही अशा कॉलेजला हा खजिनाच. या योजनेची लॉगिन कधी तयार होतात? बहुतेक ठिकाणी कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती यायच्या आधीच्या महिन्यात. एक्सेलमध्ये नावांची यादी जाते, पासवर्ड येतात, ते फाइलला लागतात, फाइलचा फोटो निघतो. विद्यार्थ्याला कधी कधी पत्ताच नसतो की आपल्या नावावर अशी किल्ली आहे. सुविधा आहे, नोंद आहे, गुणही मिळाले. एका दुपारी दहा मुलांना शेजारी बसवून, ‘चला, तुझ्या प्रोजेक्टचा विषय घे आणि यात शोध’ असं म्हणायचं काम तेवढं राहून गेलं. ग्रंथपाल म्हणून मी हे अनेकदा केलं आणि ते पहिल्या दुपारी कधीच जमत नाही. मुलं शोधाच्या चौकटीत अख्खा प्रश्न टाकतात, पहिला दुवा उघडतात, इंग्रजी दिसलं की बंद करतात. तिसऱ्या-चौथ्या दुपारी एखादी मुलगी गोषवारा वाचून ‘हा नको, दुसरा बघू’ म्हणते. ही मुलगी तयार होऊ लागली असं मी समजतो.

आता नेटवर्क. याबद्दल बोललं नाही तर कोकणात लेख पुढे वाचणारही नाही कुणी. आपली वस्ती वाड्यावाड्यांची, दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली. एका गावाच्या दहा वाड्या आणि मधे डोंगर. टॉवर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, घर ओहोळाच्या काठी. म्हणून ‘गावात रेंज आहे’ या सरकारी वाक्याला वाडीत फारसा अर्थ उरत नाही. त्यात पावसाळा. झाड पडलं की लाईट गेली, लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरची बॅटरीही गेली. २०२० साली सगळं शिक्षण एका रात्रीत ऑनलाइन झालं आणि ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत वीज यायला काही गावांत आठवडे लागले. त्याच उन्हाळ्यात आणि पावसात अंतिम वर्षाच्या परीक्षा व्हाव्यात की नाही याचा वाद दिल्लीत रंगला होता. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निकाल दिला आणि ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाच्या मुलांनी बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा घरबसल्या दिली. घरबसल्या म्हणजे काहींनी सड्यावर, काहींनी शेजारच्या गावातल्या मामाकडे.

सिंधुदुर्गातल्या एका मुलीची बातमी तेव्हा देशभर गाजली. घरी रेंज नाही म्हणून भावांनी डोंगरावर झोपडी उभारली आणि ती पावसात तिथे बसून तास ऐकत होती. तिच्या जिद्दीचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. मला खटकलं ते पुढचं. त्या झोपडीचा फोटो पाहून आपण सगळ्यांनी ‘मनात असलं की होतं’ असा निष्कर्ष काढला. म्हणजे ज्या मुलाला डोंगर नाही, झोपडी बांधणारे भाऊ नाहीत, त्याच्या मनातच नव्हतं असं गृहीत धरलं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, ग्रामीण भारतातल्या जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय. त्यानंतर फोन खूप पसरले, संगणक तितके नाही. सहा इंचांच्या पडद्यावर पन्नास पानांचा प्रकल्प टाइप करून पाहा, म्हणजे फरक कळेल.

तरीही सगळा दोष रेंजच्या माथी मारणाऱ्यांशी माझं जमत नाही. अंधेरी-डोंबिवलीत रेंज भरपूर आहे. तिथल्या सामान्य कॉलेजातली मुलं स्वयंअध्ययनात फार पुढे गेलीत असं तिथले शिक्षक सांगत नाहीत. वर्गाच्या ग्रुपवर आलेल्या पीडीएफ नोट्स परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायच्या, ही पद्धत दादरपासून दोडामार्गपर्यंत एकच. पूर्वी नोट्सची झेरॉक्स निघायची, आता पीडीएफ फिरते. कागदाची बचत झाली, बाकी काय बदललं?

आणि तयारी तयारी म्हणताना ती फक्त विद्यार्थ्याकडेच का मागायची? २०१७ साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, घाईनं निवडलेली यंत्रणा, पुरेसं प्रशिक्षण न मिळालेले प्राध्यापक. निकाल महिनोन्‌महिने रखडले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, पुढच्या प्रवेशाला आणि नोकरीला निघालेली मुलं लटकली आणि अखेर ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. आपल्या कोकणातली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडची मुलंही त्याच विद्यापीठाची. तेव्हा विद्यार्थ्यांच्या तयारीची प्रश्नावली कुणीही काढून दिली तरी तिच्या शेजारी संस्थेच्या तयारीची एक प्रश्नावली असायला हवी, असं मला तेव्हापासून वाटतं. लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते? शिक्षकाला स्वतः एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करता आला आहे का? विद्यार्थ्यानं रात्री पाठवलेल्या शंकेला उत्तर कोण देतं?

या शेवटच्या प्रश्नापाशी आपण चाचरतो, कारण बऱ्याच कॉलेजांत वर्गावर जाणारा शिक्षक तासिका तत्त्वावरचा असतो. तासाचे पैसे मिळतात, तेही उशिरा. विद्यार्थ्याचा मसुदा वाचून त्यावर शेरे लिहायला जो वेळ लागतो त्याचा तास कुणी धरत नाही. अशा माणसाला ‘डिजिटल अध्यापनात नावीन्य आणा’ म्हणून परिपत्रक पाठवणं म्हणजे क्रूर विनोद आहे. पदं भरा ही मागणी जुनी आहे आणि मी ती पुन्हा करतो, कारण कुठलंही ॲप ही जागा भरत नाही.

शिकण्याची तयारी कशी येते हे बघायचं तर मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरावर जावं. ट्रॉलर चालवणाऱ्या तांडेलाकडे जीपीएस असतं, मासळीचा थवा दाखवणारा फिश फाइंडर असतो. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहानं मोजून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे याची सूचना येते, ती वाचून काही जण होडी कुठे न्यायची ते ठरवतात. यातल्या कितीतरी जणांनी सातवी-आठवीत शाळा सोडलेली. हे यंत्र त्यांना कुठल्या कार्यशाळेत शिकवलं? डिझेलचा खर्च डोक्यावर, हातात एक खरा प्रश्न आणि शेजारी ते यंत्र आधी वापरलेला दुसरा तांडेल. यंत्र खोटं बोलतं कधी हेही त्यांना कळतं, कारण जाळं रिकामं आलं की पडताळा मिळतो. आमच्या बी.ए.च्या मुलाला ‘पर्यावरण: एक अभ्यास’ असा विषय देऊन वीस पानांचा प्रकल्प मागितला, तर त्याच्या हातात ना प्रश्न, ना पडताळा. तो वीस पानं उतरवून देणारच. मीही दिली असती.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. ‘असर’च्या त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. कोकणात या आकड्याला आणखी एक पदर आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण पुरुष मुंबईला. चांगला फोनही त्यांच्याबरोबर मुंबईला. गणपतीला येताना बाबा आपला जुना फोन आणतात, तो आधी भावाला, मग आईला, मग हिला. संध्याकाळी सातनंतर मुलगी फोन घेऊन ओट्याच्या टोकाला बसली की घरातले विचारतात, कुणाशी बोलतेस? रेंज तर ओट्याच्या टोकालाच येते. कॉलेजात मात्र याच मुली संख्येनं जास्त आणि अभ्यासात पुढे. त्यांच्यासाठी कॉलेजची लॅब ही सोय असण्यापलीकडचं काहीतरी आहे. कुणाला जाब न देता पडद्यासमोर बसायची ती गावातली एकमेव जागा असते. ती आम्ही पाच वाजता कुलूप लावून बंद करतो.

भाषेकडे तर कुणी लक्षच देत नाही. आपली मुलं एकमेकांना मराठीत संदेश पाठवतात, पण रोमन अक्षरांत. देवनागरीचा कळफलक फोनमध्ये असतो, त्याला कुणी हात लावत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला परीक्षेत मराठीत लिहिता येतं, शोध मात्र तो मोडक्या इंग्रजीत घेतो आणि मग मिळालेलं न कळून सोडून देतो. मराठी विश्वकोशाचे सगळे खंड इंटरनेटवर फुकट आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभं केलेलं हे काम आज खिशात मावतं. प्रथम वर्षाच्या वर्गात ते कुणी उघडलं आहे का, असं विचारलं की एखादाच हात वर येतो आणि बहुधा तोही शिक्षकाच्या मुलाचा. देवनागरी टाइप करायला फार तर आठवडा लागतो. एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रं आपण २००१-०२ पासून लाखोंनी वाटली. सरकारी नोकरीला लागतं म्हणून लोकांनी ती घेतलीही. पण प्रमाणपत्र फाइलला लागलं आणि हात पुन्हा रोमनवर गेला.

हे सगळं जुनं वाटावं असा बदल २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटीनं आणला. आता वीस पानं उतरवायचीही गरज नाही, सांगितलं की तयार मिळतात. मराठीतही मिळतात, थोडी परीटघडीची. यावर कॉलेजांची पहिली प्रतिक्रिया बंदीची. दुसरी, चोरी पकडणारं सॉफ्टवेअर घेण्याची. दोन्ही मला निरुपयोगी वाटतात. ज्या कामात विद्यार्थ्याला स्वतः काही ठरवावं लागत नाही ते काम यंत्र करणारच, आणि करू द्यावं. ज्याला विषय थोडा येतो, ज्याला चूक ओळखता येते, त्याला या साधनाचा प्रचंड उपयोग आहे. संगमेश्वरातल्या मुलाला रात्री अकरा वाजता संख्याशास्त्रातली शंका विचारायला दुसरं कोण आहे? पण ज्याला काहीच येत नाही त्याला तेच यंत्र आत्मविश्वासानं खोटं सांगतं आणि त्याला ते कळत नाही. म्हणजे दोघांतली दरी आणखी वाढणार. तयारीचा प्रश्न म्हणूनच पुढे ढकलता येणारा राहिलेला नाही.

करायचं काय? नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून श्रेयांकांची नवी रचना आली. तिच्यात कौशल्यवर्धनाचे अभ्यासक्रम आहेत, पुढे क्षेत्रप्रकल्प आहे. त्यांची नावं भारदस्त ठेवून आत वर्ड-एक्सेलच शिकवण्याची पाळी आली आहे. त्याऐवजी पहिल्या सत्रातलं एक कौशल्य ‘एकट्यानं शिकणं’ असं ठरवावं. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलानं स्वतःचा ईमेल उघडायचा, पासवर्ड स्वतः ठरवायचा, आपला क्रेडिट बँकेचा आयडी आणि एन-लिस्टचं लॉगिन स्वतः वापरून दाखवायचं. मग महिनाभर शोधायचं कसं, दोन स्रोत पडताळायचे कसे, देवनागरीत लिहायचं कसं. उरलेल्या सत्रात एक छोटा अभ्यासक्रम, स्वयम्‌वरचा किंवा शिक्षकानं पेनड्राइव्हवर दिलेला, चार-पाच जणांच्या गटानं शेवटपर्यंत पुरा करायचा. गटानं, कारण एकट्यानं शिकायची सवयही आधी सोबतीत लागते. व्हिडिओ लॅबमधल्या एका संगणकावर उतरवून ठेवले की ते बघायला रेंजही लागत नाही. उतरवलेली फाइल घरी नेता येते.

आणि प्रश्न असे द्यावेत की ज्यांचं उत्तर फक्त त्या मुलाच्या गावातच मिळेल. राजापूरच्या सड्यावर देवीहसोळला, बारसूला कातळशिल्पं आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तिथल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यानं एका शिल्पाची फोनवरच्या जीपीएसनं जागा नोंदवावी, मापं घ्यावीत, फोटो काढावेत, गावातल्या जुन्या माणसाचं त्याबद्दलचं बोलणं ध्वनिमुद्रित करून देवनागरीत उतरवावं. वाणिज्यच्या मुलानं आपल्या घरच्या हापूसच्या पेट्यांचा वाशीचा भाव आणि थेट विक्रीचा भाव हंगामभर एका तक्त्यात भरावा. भूगोलवाल्यानं वाडीतल्या विहिरींची पाणीपातळी गणपतीपासून शिमग्यापर्यंत मोजावी. अशी माहिती आयती कुठेही मिळत नाही, त्यामुळे चॅटजीपीटीला विचारून भागत नाही. उलट मोजलेल्या आकड्यांचा तक्ता कसा करू हे त्याला विचारलं तर विचारू द्यावं.

यावर शिक्षकमित्र म्हणतात, असे ऐंशी प्रकल्प तपासणार कोण? आक्षेप बरोबर आहे. ऐंशी जण वीस-वीस पानं देतात तीही कुणी वाचत नाही, हे मात्र आपण एकमेकांत मान्य करायला हरकत नाही. गटाचं काम दोन पानांवर आणि पाच मिनिटांच्या तोंडी विचारपुशीवर तपासता येतं. काम स्वतः केलंय की नाही हे दुसऱ्या प्रश्नालाच कळतं. दुसरा आक्षेप लॅबच्या वेळेचा. शिपाई कोण थांबेल, शेवटची एसटी साडेसहाला सुटते, मुली घरी कशा जातील? तर शेवटच्या एसटीपर्यंत तरी उघडी ठेवा, सकाळी एक तास आधी उघडा, ‘कमवा व शिका’मधल्या दोन विद्यार्थ्यांकडे जबाबदारी द्या. विद्यापीठाकडे मागायची गोष्ट इतकीच, की जून ते सप्टेंबर या काळातल्या कुठल्याही ऑनलाइन मुदतीला कोकणासाठी तीन दिवसांची आपोआप सवलत असावी. तिच्यासाठी प्राचार्यांचं पत्र, तलाठ्याचा दाखला वगैरे लागू नये.

बाकीच्याला विद्यापीठाची वाट पाहावी लागत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कॉलेजच्याच हातात असतात. त्यातले निम्मे या कामाला द्यायचे की पुन्हा असाइनमेंटच्या वहीला, हे ठरवायला जूनमधली विभागाची एक बैठक आणि विभागप्रमुखाची एक सही पुरते.